आत्ता कशावर चाललंय?

माझे केस खरे किती पांढरे आहेत, हे मला फक्त रविवारी दुपारी डोक्यावरून अंघोळ केल्यावर कळतं. एरवी ते गव्हाने, तांदळाने आणि हरभऱ्याच्या डाळीने पांढरे असतात. लग्नाआधी मी बी.कॉम. झाले होते आणि मला बँकेत लागायचं होतं. लागले गिरणीत. बँकेत निदान डोक्यावर पंखा असता, असं मी पहिली काही वर्षं कुरकुरत असे. गिरणीत पंखा का नसतो, हे ज्याने तो एकदा लावून पाहिलाय त्यालाच ठाऊक. मी लावून पाहिलाय.

नाशिकरोडला, जेलरोडच्या एका कॉलनीत आमची पिठाची गिरणी. सासऱ्यांनी सुरू केलेली, सासूबाईंनी नावारूपाला आणलेली आणि माझ्या हातात कशीबशी तगलेली. आमचे हे ओझरच्या विमान कारखान्यात. नव्या ओळखीत कोणी विचारलं, "मिस्टर काय करतात?" तर मी म्हणते, "विमानं." "आणि तुम्ही?" "दळण." मग कोणीतरी विषय बदलतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी 'तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा' म्हणून फोन केला, तेव्हा मला वाटलं चुकून माझ्या यजमानांऐवजी मला केलाय. "तसं नाही," म्हणाल्या. त्यांचा दळणाचा डबा आमच्याकडेच असतो.

तर आधी गिरणी म्हणजे काय ते सांगते, कारण हल्ली पुष्कळ लोकांना पीठ हे पिशवीतच उगवतं असं वाटतं. जुन्या गिरणीत दोन गोल दगड असतात. एक स्थिर, एक फिरता. वरच्या पत्र्याच्या पेटीत धान्य ओतायचं, ते दोन दगडांच्या मधे जातं, आणि खालच्या कापडी बाहीतून पीठ होऊन डब्यात पडतं. दगड जवळ आणले की पीठ बारीक, लांब केले की जाडसर. एवढंच. पण या एवढ्याशा यंत्रात एक खोड आहे. एकाचं दळण संपलं तरी त्याचं मूठ-दीड मूठ पीठ दगडांत आणि बाहीत अडकून राहतं, आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून गिरणीत पाऊल टाकणारी प्रत्येक बाई नमस्कारसुद्धा करायच्या आधी एकच विचारते:

"आत्ता कशावर चाललंय?"

गव्हावर गहू चालतो. ज्वारीवर बाजरी चालते. डाळ डाळीवर. गव्हावर बाजरी काढली तर भाकरीवाली रागावत नाही, पण बाजरीवर गहू काढला तर पोळी काळसर होते आणि माझा उद्धार होतो. उपासाचा राजगिरा कशावरही चालत नाही, त्यासाठी दगड झटकून, आधी मूठभर वरई फुकट घालवून मग दळायचं. हे सगळं मला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं. त्यामुळे माझ्या पहिल्या दिवाळीत मी एका बाईंचे अनारशाचे तांदूळ चकलीच्या भाजणीवर काढले. अनारशांना वरून खसखस आणि आतून धने-जिरे. बाई रडवेल्या होऊन डबा घेऊन आल्या. सासूबाईंनी त्यांना घरचे तांदूळ दिले, माझ्याकडे फक्त बघितलं, आणि ते बघणं मला पुढची पाच वर्षं पुरलं. त्या बाईंच्या जावयाने मात्र पुढच्या वर्षी विचारलं म्हणे, "ते मसाला अनारसे नाही केले का यंदा?"

'कशावर' विचारणारे सगळेच. काही जण मात्र आवाज खाली आणून अजून एक प्रश्न विचारत: "आणि कोणाच्या?" तेव्हा सासूबाईंना अचानक ऐकू येईनासं होई. गिरणीचा आवाज मोठा, वय झालेलं, कोण काय बोलणार? मला मात्र ठाऊक होतं की मागच्या खोलीत फोडणीत मोहरी तडतडली तरी त्यांना गिरणीत बसून ऐकू येतं.

दिवाळीचे पंधरा दिवस म्हणजे आमची परीक्षा. अख्ख्या कॉलनीची घराणी डब्यांतून माझ्यासमोर रांगेत बसतात. मी कोणाच्या घरी जेवायला गेले नाही तरी कोणाच्या घरात काय खातात हे मला भाजणीच्या वासावरून सांगता येतं. अमक्यांकडे पोहे जास्त भाजलेत, तमक्यांची सून नवीन आहे, डाळ कच्ची राहिलीये. यात बढाई नाही. तीस वर्षं नाकात पीठ गेल्यावर नाकाला दुसरं काही येणारच नाही.

ओझरहून निवृत्त झालेले सोनवणेकाका दर दिवाळीला बेसनाच्या लाडवांसाठी डाळ घेऊन येतात आणि सोबत थर्मामीटर. पीठ पडायला लागलं की डब्यात खुपसतात. "वहिनी, अठ्ठेचाळीस! मी घरी जाऊन भाजणार आहे ना बेसन? तुम्ही कशाला भाजताय?" असं म्हणाले की मी दगड थोडा सैल करते. मग ते खिशातून औषधाची छोटी काचेची बाटली काढतात. तिच्यात त्यांच्या पत्नीने शेवटच्या दिवाळीला दळून नेलेलं चमचाभर बेसन आहे. ते चिमूट इकडचं, चिमूट तिकडचं दोन बोटांत चोळून बघतात. पोत जुळला की मान हलवतात आणि बाटलीचं बूच घट्ट लावतात. त्यांच्या मागे कितीही रांग असली तरी त्या वेळी कोणी "आटपा" म्हणत नाही. आमच्या कॉलनीबद्दल मला अभिमान वाटावा अशा ज्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्यातली ही एक.

पण ज्यांच्याबद्दल मला खरं लिहायचंय त्या पाटणकरकाकू.

पाटणकरकाकू हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. अर्ध्या कॉलनीला त्यांनी अपूर्णांक शिकवले आणि पूर्ण कॉलनीला चकली खाऊ घातली. पूर्ण म्हणजे पुढच्या तीन गल्ल्या. का ते पुढे येईल. त्यांच्या चकलीला काटा असा की जिभेने मोजावा. खुसखुशीत, खमंग, आणि खाऊन झाल्यावर घशाशी एक किंचितशी कडसर चव राही, जिच्यामुळे हात पुन्हा डब्यात जाई. पुष्कळ जणींनी प्रमाण विचारलं. काकू लपवत नसत. चार, दोन, एक, अर्धा, एक: तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ, पोहे, आणि वरून धने-जिरे. फळ्यावर लिहावं तसं चिठ्ठीवर लिहून देत. कोणाचीच तशी होत नसे. "हाताचा गुण," असं बायका म्हणत. काकू म्हणत, "हाताचा कसला? पद्धतीचा."

त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट अशी की दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी गिरणीचं दार उघडताना पहिला डबा त्यांचा असे. कोणाच्याच मागे नाही. त्यामुळे 'कशावर' विचारायची त्यांना कधी गरजच पडत नसे. आणि तो दुसरा प्रश्नसुद्धा त्यांना कधी विचारावा लागत नसे. पहिला नंबर हे दोन्हींचं उत्तर होतं.

आणि आदल्या दिवशीचा, शनिवारचा, शेवटचा डबा असे सुमनताईंचा. सुमन गायकवाड मागच्या, चौथ्या गल्लीत राहतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरमध्ये कामाला होत्या. शनिवारी बसमधून उतरायच्या त्या थेट गिरणीत. माहेर सटाण्याकडचं, म्हणून थंडीची चाहूल लागली की त्यांचा कळणा सुरू होई. कळणा म्हणजे ज्वारीत अख्खे काळे उडीद, मीठ आणि मेथीदाणे घालून दळलेलं पीठ. त्याची भाकरी, वर तेल, सोबत मिरचीचा ठेचा. सुमनताईंचं पीठ पडायला लागलं की मेथीचा वास रस्त्यापर्यंत जाई.

सासूबाईंनी गिरणी माझ्या ताब्यात दिली तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या. एक, दळणाच्या डब्यात हात घालायचा नाही. दोन, उधारी म्हाताऱ्यांना आधी द्यायची. तीन, शनिवारी संध्याकाळी दगड झटकायचा नाही. रोज गिरणी बंद करताना दगड झटकून, बाही उलटी करून आपटायची असते. शनिवारी मात्र तसंच सोडायचं. मी म्हटलं, "का हो, शनिवार म्हणून?" त्या म्हणाल्या, "हो, शनिवार म्हणून." मला वाटलं, शनिवारी तेल विकत आणू नये, केस कापू नयेत, तशातलंच काहीतरी. शिकलेल्या सुनेने जुन्या सासूचं जसं ऐकावं तसं मी ऐकलं, म्हणजे मनातल्या मनात हसून.

दर दिवाळीला काकूंचा चकलीचा डबा आमच्याकडे आला की सासूबाई पहिली चकली स्वतः खात. डोळे मिटून खात आणि गालातल्या गालात हसत. मला वाटे, कवळी नीट बसल्याचा आनंद असेल.

सासूबाई गेल्या. वर्षभराने मी नवी गिरणी घेतली. स्टीलची, बंदिस्त, चकचकीत. आतून ब्रशने साफ होते, पीठ उडत नाही, एका मिनिटात दळण. जुनी विकायला काढली, पण कोणी घेईना, म्हणून मागच्या भिंतीशी तशीच ठेवली. नव्या गिरणीचं मला इतकं कौतुक की मी रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली: 'इथे कशावरही दळले जात नाही.' मला म्हणायचं होतं की प्रत्येक दळण स्वच्छ यंत्रावर. दोन दिवस गिऱ्हाईक पाटी वाचून परत जात होतं. गिरणी बंद पडली असं त्यांना वाटलं.

नव्या गिरणीवर एकटी सुमनताई नाराज. "वहिनी, तुझ्या या मशीनचं पीठ लय मऊ. भाकरी थापायला जाते तर फाटती." मग त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी मी जुनी गिरणी चालू करायला लागले. तेवढीच तिची हालचाल.

त्या वर्षी काकू नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी पहिल्या आल्या. नव्या स्टीलवर, काही म्हणजे काही नसलेल्या स्वच्छ यंत्रावर, मी त्यांची भाजणी काढून दिली. चार दिवसांनी डबा आला. यांनी एक चकली खाल्ली, दुसरी घेतली नाही. मी खाल्ली. वाईट नव्हती. काटा होता, मोडत नव्हती, तेल प्यायलेली नव्हती. चांगली चकली होती. पण कोणाचीही होती.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. "शैला, खरं सांग. कशी झालीये?"

"छान झालीये की काकू."

मी हे का म्हटलं? दिवाळीत कोणी कोणाला खरं सांगत नाही म्हणून असेल. काकूंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. वर्गात उत्तर दुसऱ्याचं बघून लिहिणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या 'छान'ची किंमत वर्षभर त्यांनी भरली. काकूंची मोठी बहीण शेवटी शेवटी सगळं विसरत गेली होती. मीठ दोनदा घालायची, मग घालायचंच विसरायची. काकूंनी ते जवळून पाहिलेलं. चकलीत काय चुकलं ते सापडेना, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की आपणच काहीतरी विसरतोय. मग गॅस बंद केलाय का हे तीन-तीनदा बघणं सुरू झालं. कडी लावली का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरणं. कॉलनीतल्या मुलांना फुकट गणित शिकवायच्या, ते बंद केलं. "उगाच चुकीचं शिकवलं तर त्या पोरांचं नुकसान," म्हणाल्या. पुण्याचा मुलगा तीन वर्षं मागे लागला होता, आई इकडे ये, एकटी राहू नको. तीन वर्षं नाही म्हणणाऱ्या काकू एके दिवशी त्याला हो म्हणाल्या.

गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस, गुरुवारी, त्या गिरणीत आल्या. हातात डबा नव्हता. कापडात गुंडाळलेला पितळी सोऱ्या होता.

"हा घे. आजपासून तुझा."

"अहो काकू, मला कशाला? माझ्याकडे आहे सोऱ्या."

"तुझा अॅल्युमिनियमचा. त्याने काटा येत नाही. आत चिठ्ठी ठेवलीये प्रमाणाची. मी यंदा काही करणार नाही. दिवाळी झाली की पुण्याला जाणार. साधी चकली जमत नाही, शैला, तर घर काय सांभाळणार मी?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "छान झालीये असं पुन्हा म्हणू नको."

त्या गेल्यावर मी बराच वेळ सोऱ्या मांडीवर घेऊन बसले होते. एका गिऱ्हाइकाचे गहू तेवढ्यात अगदी मैद्यासारखे बारीक झाले.

शनिवारी संध्याकाळी सुमनताई आल्या, जुन्या गिरणीवर कळणा काढून घेऊन गेल्या. निवृत्त झाल्या तरी वार तोच. जुनी गिरणी झटकायचा मला कंटाळा आला, कारण ती आता लागणार होती पुढच्या शनिवारीच. रविवारी सकाळी नवी गिरणी सुरू केली तर ती हुं म्हणाली आणि गप्प झाली. मोटार गेली. मेकॅनिक म्हणाला, मंगळवार. बाहेर रांग. काय करणार? मागे जाऊन जुन्या गिरणीचा खटका दाबला. आणि सगळ्यांत आधी घातली ती घरची भाजणी, काकूंच्याच चिठ्ठीप्रमाणे आदल्या दिवशी भाजलेली. हल्ली आठवड्यातून एकदाच चालायची, आधी आपलंच घालून बघावं, लोकांचं बिघडायला नको, एवढाच विचार.

दुपारी डोक्यावरून अंघोळ करून, म्हणजे माझं खरं वय बघून झाल्यावर, चकल्या तळायला घेतल्या. पहिला घाणा निघाला. हे पेपर वाचत होते. हात लांब करून एक उचलली, खाल्ली, आणि पेपर खाली ठेवला.

"काकूंनी पाठवली? त्या तर करणार नव्हत्या ना यंदा?"

"मी केलीये."

"तू?" या एका शब्दात तीस वर्षांचा संसार होता. मग म्हणाले, "सोऱ्या त्यांचा आहे ना, म्हणून."

मी एक खाल्ली. खमंग. खुसखुशीत. आणि घशाशी ती किंचित कडसर चव.

सोऱ्या? पण मागच्या वर्षी काकूंनी याच सोऱ्याने केल्या होत्या. चिठ्ठी? तीच. तेल? आमच्याकडे जे येतं तेच. मी झारा हातात धरून उभी. दुसरा घाणा करपत होता, हे ओरडत होते, आणि तीस वर्षं जो प्रश्न लोक मला विचारत आले तो मी पहिल्यांदा स्वतःला विचारला: शैला, कशावर काढलीस?

कळण्यावर.

अख्खे काळे उडीद. मेथी. दर शनिवारी शेवटचा डबा सुमनताईंचा, दिवाळीआधीच्या रविवारी पहिला काकूंचा, आणि मधे न झटकलेला दगड. शनिवारी संध्याकाळी दगड झटकायचा नाही. 'का हो, शनिवार म्हणून?' 'हो, शनिवार म्हणून.' ती कवळी बसल्याचा आनंद नव्हता तर! त्या बाईने किती वर्षं हे पोटात ठेवलं होतं, आणि दर दिवाळीला डोळे मिटून खाल्लं होतं. आणि मी चकचकीत गिरणी आणून, ब्रशने घासून, वर पाटी लावून ते सगळं पुसून टाकलं. सासूबाईंच्या फोटोकडे बघायची मला हिंमत होईना.

सांगावं तर लागणार होतं. न सांगावं तर काकू पुण्याला जाणार, स्वतःला विसराळू समजत. सांगावं तर त्यांना कळणार की आयुष्यभर पहिला नंबर लावून जे टाळलं, तेच दरवर्षी डब्यातून घरी नेलं. मी तशी भित्रीच. बशीत चार चकल्या घेतल्या आणि निघाले, कारण गरम असतानाच सांगितलं तर सांगितलं जाईल, गार झाल्यावर माझ्याच्याने होणार नाही.

काकूंच्या घरात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. त्यांनी चकली मोडली, खाल्ली. थांबल्या. दुसरा तुकडा खाल्ला.

"कोणी केली?"

"मी."

"माझ्या चिठ्ठीने?"

"हो."

"मग तुझी झाली आणि माझी…" त्या थांबल्या, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मी घाईघाईने, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत, सगळं सांगून टाकलं. दगड, नवी गिरणी, न झटकणं, सासूबाईंचं हसणं. "काकू, तुम्ही काही विसरला नाहीत. एक गोष्टसुद्धा नाही. मी तुम्हाला 'छान झालीये' म्हटलं ते खोटं होतं, आणि बिघडलं होतं ते माझ्या गिरणीमुळे."

काकूंनी हातातला तुकडा बशीत ठेवला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझी भाजणी कशावर जायची?"

"कळण्यावर."

आणि मग तो दुसरा प्रश्न आला. आवाज खाली न आणता. "कोणाच्या?"

सासूबाई असत्या तर त्यांना ऐकू आलं नसतं. मला आलं. "सुमनताईंच्या. चौथ्या गल्लीतल्या."

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा पुसला. "रविवारी सकाळी पहिला नंबर मी का लावायचे, ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे, काकू."

"तुझ्या सासूला?"

"त्यांना तर नक्कीच."

मला वाटलं आता त्या आत निघून जातील. गेल्याही. खोक्यात काहीतरी उचकटल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या जुनी वही घेऊन. चकलीचं पान काढलं, पेन काढलं, आणि पानाकडे बघत बसल्या.

"शैला, उत्तर बरोबर येत होतं आणि रीत मी चुकीची लिहीत होते. इतकी वर्षं. यावर मी मुलांचे अर्धे गुण कापलेत." मग त्यांना हसू आलं. आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं किती हसण्याचं होतं, ते मी मोजलं नाही. "लबाड होती हो तुझी सासू!"

पुढच्या शनिवारी संध्याकाळी गिरणीत ही गर्दी. नवी दुरुस्त झाली तरी जुनी गिरणी चालू ठेवली होती, कारण नव्या गिरणीची पाटी मी उतरवली होती आणि लोकांना दोन्हींपैकी हवी ती देत होते. सुमनताईंचा डबा शेवटी. तेवढ्यात काकू आल्या, हातात भाजणीचा डबा. सुमनताईंच्या मागे, पायरीवर बसल्या.

सुमनताई गडबडल्या. "काकू, आज? उद्या पहिला नंबर असतो ना तुमचा? घ्या, माझ्या आधी घ्या."

"नाही. तुझं झालं की माझं. दगड झटकायचा नाही, शैला."

सुमनताई माझ्याकडे बघायला लागल्या. मग त्यांना सांगितलं सगळं. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "मंग माझं पीठ दर टायमाला मूठभर कमी भरायचं, ते तुमच्या चकलीत जायचं का! आणि मी म्हणायचे गिरणीवाली मापात मारती." रांग हसली, मीही हसले, कारण त्यांना तसं वाटायचं हे मला नवीनच होतं. हसता हसता सुमनताई सहज म्हणाल्या, "कशी लागती हो पण ती चकली? सगळे लय नाव काढतात. मी काय खाल्लेली नाय कधी."

तीन गल्ल्यांत डबे जात होते. चौथीत नाही.

काकू पायरीवरून उठल्या. माफी वगैरे शब्द त्यांच्या तोंडात बसत नाहीत, मास्तरीण बाई आहेत. त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी ये. तळताना काटा बघायला कोणीतरी लागतं मला. गरम खा. आणि येताना तुझ्या कळण्याचं प्रमाण लिहून आण. मुठीत नको, वाटीत."

"वाटीत काय माहीत नाय बा मला. मी आपली अंदाजानं घालते."

"मग मोजू. मी मोजून देते."

"या वयात शाळा लावता का मला?" सुमनताई म्हणाल्या, पण पदराला हात पुसून हसत होत्या.

त्यांचा कळणा पडला, मेथीचा वास रस्त्यापर्यंत गेला, आणि मी न झटकता काकूंची भाजणी वर ओतली. पुण्याला जायचं दिवाळीनंतरवरून आता होळीनंतरवर गेलंय, आणि खोकी उघडलीयेत. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी समोरच्या नव्या फ्लॅटमधली एक सून डबा घेऊन आली. लग्नानंतरची पहिली दिवाळी, सासूने चांगलं पढवून पाठवलेली. पायरीवरच्या काकूंना तिने विचारलं, "आजी, तुमचं कशावर चाललंय?"

"कळण्यावर," काकू म्हणाल्या. एवढं उत्तर पुरेसं होतं. तिने तेवढंच विचारलं होतं. पण काकूंनी मान वर केली, आणि चौथ्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जावं अशा वर्गातल्या आवाजात, गिरणीच्या वर, पुढे म्हणाल्या, "सुमनच्या."